शिडाची युद्धनौका वर्गात बांधताना
(बोरिवली येथे प्राथमिक शिक्षकांच्या शिबिरात दिलेले भाषण)



हस्तव्यवसायाच्या तासाला मुलांकडून काय करून घ्यावे, असा प्रश्न आपण नेहमी विचारता. आज मी एकच वस्तू सुचवितो. ती म्हणजे मुंबईच्या गोदीत बांधल्या गेलेल्या ‘त्रिंकोमाली’ या शिडाच्या युद्धनौकेची लाकडी प्रतिकृती.

जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेले हे जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले. इंग्लंडात ओक लाकडाची टंचाई होती आणि आपला साग पाण्याला सहसा दाद देत नाही; म्हणून ब्रिटिश आरमाराने ते येथे बांधून घेतले. दोनशे वर्षे उलटली, तरी ते इंग्लंडात हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. मधल्या काळात अनेक वर्षे त्यावर मुलांना दर्यावर्दी शिक्षण दिले जात असे.

जहाजाच्या तोफांच्या मजल्याची लांबी सुमारे १५० फूट व रुंदी सुमारे ४० फूट. शंभर फुटांस एक फूट हे प्रमाण धरल्यास प्रतिकृती दीड फूट लांब व पावणेपाच इंचांहून किंचित अधिक रुंद होईल. हे गणित मुलांनीच फळ्यावर मांडावे. मग तळाचा कणा, त्यावर फासळ्या, त्यांवर पातळ पट्ट्या आणि शेवटी तीन डोलकाठ्या, हा क्रम पाळावा. पट्टी वळत नसेल तर ऊन पाण्यात भिजवावी. बळाने वाकविल्यास ती तडकते.

आता माझी चूक सांगतो. एका प्रदर्शनासाठी मी रात्री जागून सबंध नौका स्वतःच बांधली. मुलांना केवळ रंग लावू दिला. पाण्यात सोडताच ती आडवी झाली. तेव्हा कोळीवाड्यातला एक विद्यार्थी, ज्याला मी गणितात कच्चा म्हणून मागे बसवीत असे, पुढे येऊन म्हणाला, “गुरुजी, खाली भार कुठं घातलाय?” वरचा तक्ता उचलून त्याने तळाशी खडे रचले, आणि नौका सरळ उभी राहिली. उंच डोलकाठ्यांना तोलून धरण्यासाठी खऱ्या युद्धनौकांच्या तळाशीही लोखंडाचा भार असे.

ते ज्ञान त्याच्या घरी होते. मी कधी विचारलेच नव्हते. तेव्हापासून हत्यारे मुलांच्या हाती असतात आणि मी शेजारी उभा असतो. नौका ओबडधोबड होते, पण ती त्यांची असते. आपणही असा प्रयत्न करून पाहावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.