एका दिवसाचा अधिकारी

गावातील शाळेच्या खोलीत बाके भिंतीशी सारून, टेबलावर यंत्र मांडून बसलेला मतदान केंद्राध्यक्ष हा बहुधा कुठल्या तरी शाळेतील शिक्षक असतो, नाहीतर एखाद्या कचेरीतील कारकून. आदल्या दिवशी पेट्या आणि कागदपत्रे सांभाळीत तो तेथे पोहोचतो. तो निर्भय राहिला तर त्या खोलीतील मत खरे. तो वाकला, तर दिल्लीतला आयोग कितीही कर्तबगार असला तरी त्याचा उपयोग काय?

१९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक सुकुमार सेन यांच्या देखरेखीखाली झाली. सुमारे सतरा कोटी मतदारांची नावे याद्यांत होती आणि प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी होती. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाने मताची गुप्तता राखली. केंद्रातील दांडगाई आणि मतपत्रिका बाहेर नेणे यांस शिक्षाही ठेवली. मात्र या कलमांपुढे अपराधी होता तो एकटादुकटा: आरडाओरड करणारा, किंवा खिशात मतपत्रिका लपवणारा. पुढे टोळ्याच केंद्रात शिरून मतपत्रिकांवर शिक्के मारू लागल्या, तेव्हा ती कलमे अपुरी पडली.

१९८९ साली अमलात आलेल्या दुरुस्तीने मतदान केंद्र बळकावणे हा स्वतंत्र अपराध ठरला. केंद्र ताब्यात घेणे, आपल्याच माणसांना मत देऊ देणे, मतदारांना धमकावून वाटेतच अडवणे, मतमोजणीची जागा बळकावणे, हे सारे त्यात येते. आज त्याला किमान एक आणि कमाल तीन वर्षे कारावास आहे. अपराधी सरकारी नोकर असेल, तर किमान तीन आणि कमाल पाच. ज्याचे रक्षण करायचे त्याच वर्गातील फितुराला कायद्याने अधिक कठोर शिक्षा ठेवली, आणि ते योग्यच झाले. कारण कुंपणाने शेत खाल्ले तर दाद मागायची कोणाकडे?

शिक्षा मागाहून होते. हल्ला होतो तेव्हा काय करायचे, याचेही उत्तर नियमांत आहे. केंद्र बळकावले जात आहे असे केंद्राध्यक्षाचे मत झाले, तर त्याने कंट्रोल युनिट तत्काळ बंद करावे आणि बॅलट युनिट त्यापासून वेगळे करावे. मग दांडग्यांच्या हाती निर्जीव डबा उरतो. पुढे आयोगाला त्या केंद्रावरचे मतदान रद्द करून फेरमतदान घेता येते, प्रसंगी सबंध निवडणूकच रद्द करता येते. लुटलेली मते लुटारूच्या उपयोगी पडू नयेत, ही योजना तुरुंगाच्या भीतीहून अधिक परिणामकारक म्हणावी लागेल.

त्याच दुरुस्तीतील दुसरी तरतूद तितकीशी बोलली जात नाही. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून निकाल जाहीर होईपर्यंत हे सारे अधिकारी, आणि त्यासाठी नेमलेले पोलीस अधिकारीही, निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहेत असे मानले जाते. त्यांच्यावर नियंत्रण आयोगाचे आणि शिस्तही आयोगाची. ज्या मंत्र्याचे भवितव्य त्या पेटीत आहे, त्याच्या खात्याचा हात तेवढे दिवस तरी केंद्राध्यक्षापर्यंत पोहोचू नये, असा हा बंदोबस्त आहे.

या बंदोबस्ताला शेवटची तारीख मात्र आहे. निकाल जाहीर झाला की प्रतिनियुक्ती संपते आणि शिक्षक आपल्या शाळेत, कारकून आपल्या टेबलाशी परततो. पराभूत उमेदवाराला निवडणूक अर्जासाठी निकालापासून पंचेचाळीस दिवसांची मुदत असते. उच्च न्यायालयाने तो अर्ज सहा महिन्यांत निकालात काढण्याचा प्रयत्न करावा असे कायदा म्हणतो; प्रत्यक्षात वर्षेही लोटतात. या काळात सर्वांत मोलाची साक्ष बहुधा त्या केंद्राध्यक्षाची आणि त्याने लिहिलेल्या दैनंदिनीची असते. ती देताना तो आयोगाचा माणूस राहिलेला नसतो. त्याची बदली, त्याची बढती, त्याचा गोपनीय अहवाल, सारे पुन्हा जुन्या वरिष्ठांच्या हाती आलेले असते. प्रतिनियुक्तीची मुदत निदान निवडणूक अर्जाचा निकाल लागेपर्यंत वाढवावी, एवढी दुरुस्ती संसदेला अवघड नाही.