दोन पाट्यांचें वजन आणि रेणूंची ऊर्जा

बीड जिल्ह्यांतील धारूरच्या बाजारीं सीताफळांच्या दोन पाट्या आल्या आणि प्रत्येकीचें वजन दहा किलो भरलें, तर दोन्ही एकदम काट्यावर चढविल्यास वीस किलोच भरले पाहिजेत. साडेएकोणीस भरल्यास गिऱ्हाईक फळांना नव्हे, काट्याला दोष देईल. रेणूंची ऊर्जा गणितानें काढणाऱ्या शास्त्रज्ञांच्या हातीं असाच एक खोटा काटा पुष्कळ वर्षें होता.

ही ऊर्जा ज्या समीकरणावरून काढावयाची, तें पूर्णपणें सोडविणें बहुधा अशक्यच. म्हणून कांहीं काटछाट करावी लागते. रूढ काटछाट अशी : इलेक्ट्रॉन आपल्या नेहमींच्या जागा सोडून वरच्या कक्षांत जाऊं शकतात, परंतु एका वेळीं फार तर दोघांनींच जावें, असें धरावयाचें. हेलियमच्या अणूंत इलेक्ट्रॉन दोनच. तेथें कांहीं वगळलें जात नाहीं. आतां असे दोन अणु परस्परांपासून कोसभर दूर ठेवून त्यांचा हिशेब एकत्र केला, तर दोन्ही जोड्या एकाच क्षणीं वर जाण्याची शक्यता बाद होते. कारण ते चार इलेक्ट्रॉन झाले! जणूं एका हेलियमनें हालण्यापूर्वीं दुसऱ्याची परवानगी घ्यावी. एकत्रित ऊर्जा मग बेरजेपेक्षां वर राहते, आणि अणु वाढतील तसतशी ही चूक वाढत जाते. बंध तोडण्यास लागणारी ऊर्जा दोन आंकड्यांच्या वजाबाकींतून काढावयाची असते; तेथें तर उत्तरच बिघडतें.

ही बेरीज जुळलीच पाहिजे, असा आग्रह जॉन पोपल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७६ सालीं धरला. पोपल यांना पुढें १९९८ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. उपाय मात्र आधींच निघाला होता. चेक शास्त्रज्ञ चिझेक यांनीं १९६६ सालीं रसायनशास्त्रांत आणलेल्या कपल्ड क्लस्टर पद्धतींत दोन जोड्यांचा गुणाकार आपोआप येतो, आणि चौघांची ती वगळलेली शक्यता परत मिळते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत सौरव पाल यांनीं या पद्धतीवर दीर्घकाळ काम केलें.

पुण्यासच विद्यापीठांत श्रीधर गद्रे व सहकाऱ्यांनीं १९९४ मध्यें निराळी वाट धरली. शिंप्यानें कापड बेतावें तसे मोठ्या रेणूचे तुकडे करून ते गणितांत पुन्हां जोडावयाचे. पुढें ऊर्जेच्या हिशेबालाहि ही रीत लावली गेली. येथें तुकडे दूरचे नसून शेजारचे असतात. म्हणून ते एकमेकांवर चढवून कापतात, आणि सांध्याचा दोनदां मोजला गेलेला भाग एकदां वजा करतात.