डार्विन आणि कादंबरीकार

व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये विज्ञानाने धर्माला हुसकावून लावले, असे सरसकट सांगितले जाते. त्या काळातल्या कादंबऱ्या मात्र वेगळी साक्ष देतात. समीक्षक जिलियन बीअर यांनी १९८३ मध्ये ‘डार्विन्स प्लॉट्स’ या ग्रंथात दाखवून दिले, की डार्विन आणि साहित्य यांच्यातली देवाणघेवाण दुहेरी होती. ‘बीगल’ जहाजाच्या प्रवासात डार्विन मिल्टनचे ‘पॅरडाइज लॉस्ट’ सोबत बाळगत. सृष्टीचे वैभव सांगणारी त्यांची भाषा अशा वाचनातूनही घडली. उलट, जॉर्ज एलियट यांच्या ‘मिडलमार्च’ या कादंबरीत माणसांची आयुष्ये एकमेकांत ज्या रीतीने गुंततात, त्यात बीअर यांना डार्विनच्या जीवसृष्टीतले परस्परसंबंध दिसतात.

कोणी म्हणेल, १८६० मध्ये ऑक्सफर्डला बिशप विल्बरफोर्स आणि डार्विनचे समर्थक हक्सली यांची उत्क्रांतीवरून खडाजंगी झालीच ना? झाली, पण सगळे धर्मोपदेशक विल्बरफोर्सच्या बाजूला नव्हते. कादंबरीकार चार्ल्स किंग्जली स्वतः पाद्री. त्यांनी १८५९ मध्येच डार्विनना त्यांच्या उत्क्रांतीवरील ग्रंथाच्या स्वागताचे पत्र लिहिले आणि डार्विननी त्यातला आशय ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत घेतला. एलियट यांची श्रद्धा तर डार्विनच्या या ग्रंथाआधीच ढळली होती. येशूच्या जीवनाची इतिहासाच्या कसोटीवर चिकित्सा करणाऱ्या श्ट्राउस यांच्या ग्रंथाचा त्यांचा अनुवाद १८४६ मध्ये निघाला. म्हणून श्रद्धेवरच्या संकटाचे सारे खापर जीवशास्त्रावर फोडणे मला चूक वाटते. धर्म आणि विज्ञान एकत्र नांदताना पाहायचे असेल, तर ‘मिडलमार्च’मधले पाद्री फेअरब्रदर पाहा: ते कीटकांचा संग्रह करतात; डॉक्टर लिडगेटशी त्यांची होणारी संभाषणे जरूर वाचा.