बॅग आली नाही, तरी नोंद करा



मागच्या जानेवारीत अम्मींना घेऊन जर्मनीला गेलो. सामानाचा पट्टा फिरून थांबला, पण अम्मींची बॅग आली नाही. गोळ्या हातातल्या पिशवीत होत्या, गरम कपडे मात्र सगळे बॅगेत. काउंटरवर म्हणाले, "घरी जा, फोन करू."

अम्मी म्हणाल्या, "जाऊ दे बेटा, परक्या मुलखात वाद नको." आपल्या अनेक घरांत हेच शिकवलं जातं. पण हक्क मागणं म्हणजे वाद घालणं नव्हे.

१९९९चा माँट्रियल करार भारतालाही लागू आहे आणि जर्मनीलाही. त्यानुसार बॅग हरवली किंवा उशिरा आली, तर विमान कंपनीकडे भरपाई मागता येते. डिसेंबर २०२४पासून तिची कमाल मर्यादा प्रवाशामागे १,५१९ एसडीआर, म्हणजे सुमारे दोन हजार डॉलर आहे. ती आपोआप मिळत नाही, नुकसान दाखवावं लागतं.

मुदती लक्षात ठेवा. बॅग फाटली-मोडली असेल तर हाती आल्यापासून ७ दिवसांत, उशिरा आली तर २१ दिवसांत लेखी तक्रार करायची. २१ दिवसांत आलीच नाही, तर हरवल्याचा दावा करता येतो.

आम्ही तिथेच लेखी नोंद केली, क्रमांक घेतला, अम्मींसाठी घेतलेल्या कोटाची पावती जपली. चौथ्या दिवशी बॅग आली, पुढे कोटाचे पैसेही मिळाले.

तेव्हा नोंद क्रमांक हाती आल्याशिवाय विमानतळ सोडू नका. बोर्डिंग पास आणि बॅगेची चिठ्ठी जपा. इंग्रजी अडखळलं तरी चालेल, पण गप्प बसू नका.