डाळिंबाचा तेल्या आणि जिवाणूंचे वैरी

सियागंजच्या घाऊक किराणा पेठेत जिरे, धने, मिरी यांच्या पोत्यांशेजारी अनारदाना हमखास आढळतो. हा दाणा बहुधा हिमालयाच्या उतारावरील रानटी, आंबट डाळिंबाचा. सोलापूर-नाशिककडील गोड ‘भगवा’ हा त्याच जातीचा बागेत वाढलेला भाऊ. पेठेतला व्यापारी पोत्यात हात घालून मालाची पारख करतो. झाडावरच्या डाळिंबाचे भवितव्य मात्र अशा एका जिवाविरुद्धच्या झुंजीत ठरते, की जो हाताला लागत नाही आणि डोळ्यांना दिसत नाही.

त्या जिवामुळे होणाऱ्या रोगाला बागाईतदार ‘तेल्या’ म्हणतात. नाव अगदी नेमके आहे. पानावर, फांदीवर आणि फळावर तेलाचा थेंब सांडावा तसे डाग उमटतात, ते काळवंडतात आणि भरत आलेले फळ उकलते. झँथोमोनास या कुळातील जिवाणू याला कारण. भारतात त्याची पहिली नोंद 1952 साली दिल्लीत झाली. पण खरा हाहाकार उडाला तो एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, महाराष्ट्रात. सांगोले, पंढरपूर, बागलाण, मालेगाव या कमी पावसाच्या मुलखात डाळिंबाने कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात पैसा आणला होता. तोच पैसा तेल्याने हिरावला. पावसाचा थेंब डागावर पडून उडाला की रोग शेजारच्या फांदीवर जातो. दूरच्या गावी तो जातो माणसाच्या हातून, रोगट झाडाच्या गुटी कलमांबरोबर. 2005 साली सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र उभे राहिले. पावसाळ्यातला मृग बहार टाळून हस्त बहार धरावा, छाटलेल्या फांद्या व गळलेली पाने वेचून जाळावीत, कात्री निर्जंतुक करावी, हे उपाय शेतकरी शिकले. त्यांच्या जोडीला स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकांचे फवारेही सुरू झाले. माणसाच्या क्षयावरचे औषध झाडावर शिंपडणे हा काही दूरदृष्टीचा व्यवहार नव्हे. जिवाणू औषधाला सरावतात. डिसेंबर 1921 नव्हे, तब्बल शंभर वर्षांनंतरच्या डिसेंबर 2021 मध्ये केंद्र सरकारने शेतीतील हा वापर थांबवण्याच्या आदेशाचा मसुदा काढला.

येथे एका जुन्या शोधाची आठवण होते. 1896 साली आग्र्याच्या हँकिन या शास्त्रज्ञाने लिहिले, की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जिवाणू मरतात, परंतु पाणी उकळले तर तो गुण उरत नाही. त्यामागे जिवाणूंना मारणारे विषाणू असावेत, असा तर्क पुढे अनेकांनी केला. 1915 मध्ये ट्वॉर्ट आणि 1917 मध्ये देरेल यांनी अशा विषाणूंचा शोध जगापुढे ठेवला. ‘बॅक्टेरिओफाज’, म्हणजे जिवाणुभक्षक, हे नाव देरेलचे. मिलिमीटरचे दहा हजार भाग कल्पिले, तर त्यांतील एक-दोन भागांएवढा हा जीव. तो जिवाणूच्या अंगाला चिकटतो, आपले बीजद्रव्य आत सोडतो, त्याच्याच सामग्रीतून आपली प्रजा निर्माण करतो आणि शेवटी त्याला फोडून बाहेर पडतो. झाडाला, माणसाला किंवा मधमाशीला त्याच्यापासून अपाय नाही. त्याचे वैर आपल्या ठरावीक जिवाणूपुरते.

वनस्पतिरोगाकडे ही दृष्टी लवकरच वळली. अमेरिकेत 1924 मध्ये कुजलेल्या कोबीच्या गाळलेल्या द्रवाने कुज आणणारा जिवाणू रोखला गेला, 1925 मध्ये बटाट्याच्या कुजीवर तसाच प्रयोग झाला. त्याच 1924 साली इंदुरात, होळकर संस्थानाच्या जमिनीवर, अल्बर्ट हॉवर्डची वनस्पती-उद्योग संस्था सुरू झाली होती. हॉवर्डचा मार्ग निराळा: रोग ही दुबळ्या मातीची खूण, म्हणून आधी माती सुधारा. दोन्ही वाटांना प्रतिजैविकांच्या झगमगाटात पुढे काही दशके आडोसा मिळाला.

जिवाणुभक्षक मागे पडले त्याला सबळ कारणेही होती. उन्हातील अतिनील किरणांनी पानावरचे विषाणू काही तासांत निकामी होतात. फ्लोरिडात टोमॅटोवरील झँथोमोनाससाठी, म्हणजे तेल्याच्याच कुळासाठी, संशोधकांनी साय काढलेल्या दुधाची भुकटी व साखर द्रावणात मिसळली आणि फवारणी संध्याकाळी केली. विषाणू अधिक टिकले. इतक्या साध्या युक्तीला इतकी वर्षे लागावीत, हे नवलच. 2005 मध्ये अमेरिकेत टोमॅटो व मिरचीसाठी अशा औषधाला मान्यता मिळाली. 2019 मध्ये चीनमधील नानजिंगच्या संशोधकांनी टोमॅटोच्या मर रोगावर अनेक विषाणू एकत्र वापरले, तेव्हा रोगाचे प्रमाण 80 टक्क्यांपर्यंत घटले. जे जिवाणू वाचले ते दुबळे झाले होते.

तेल्यासाठी हे औषध करायचे तर ते गोणीत भरून वर्षभर विकता येणारे नसेल. त्याला थंडावा हवा, फवारा सूर्यास्तानंतरचा हवा. जिवाणू बदलला की मिश्रणही बदलावे लागते. त्यासाठी बागेतल्या डागाळलेल्या पानांचे नमुने प्रत्येक हंगामात प्रयोगशाळेत पोचले पाहिजेत, आणि सांगोल्याच्या पानांवरून केलेले मिश्रण बागलाणात चालेलच असे नाही.