विश्वाच्या बालपणीची धूळ

धूळ ही वस्तू व्यवहारात निरुपयोगी, किंबहुना उपद्रवी मानली जाते. आणि ज्योतिर्विदांचा अनुभवही फार काळ याहून निराळा नव्हता. १९३० साली रॉबर्ट ट्रम्प्लर या ज्योतिर्विदाने तारकागुच्छांचा अभ्यास करून असे दाखवून दिले की, ताऱ्यांमधील अवकाश रिक्त नसून त्यात सूक्ष्म धूलिकण पसरलेले आहेत, आणि त्यांच्यामुळे दूरचे तारे असतात त्याहून मंद दिसतात. ताऱ्यांची अंतरे मोजू पाहणाऱ्यास ही धूळ म्हणजे एक विघ्नच होते. परंतु ज्या धुळीने एके काळी दृष्टी अडवली, तीच आज विश्वाच्या बाल्यावस्थेविषयी मोलाची साक्ष देत आहे.

ही साक्ष मिळते ती क्वेसार नावाच्या विलक्षण ज्योतींच्या परिसरातून. १९६३ साली मार्टेन श्मिट यांनी कन्या राशीतील '३सी २७३' या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या बिंदूचा वर्णपट तपासला, तेव्हा हायड्रोजनच्या परिचित रेषा तांबड्या बाजूकडे जवळजवळ १६ टक्क्यांनी सरकलेल्या आढळल्या. तो बिंदू आपल्या आकाशगंगेतील तारा नव्हता. त्याचा प्रकाश सुमारे २ अब्ज वर्षे प्रवास करून येथवर पोहोचला होता. दीर्घिकेच्या गाभ्यात एखादे प्रचंड कृष्णविवर असते, आणि त्यात कोसळणारे द्रव्य तापून उजळते. त्या उजेडाचे नाव क्वेसार.

मोटारीचा दिवा डोळ्यांवर पडला म्हणजे मोटारीत कोण बसले आहे ते दिसत नाही. क्वेसारचेही तसेच आहे. त्याच्या तेजापुढे त्याला पोटात बाळगणारी यजमान दीर्घिका लोपून जाते. यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे दिव्याकडे न पाहता त्या दीर्घिकेतील थंड द्रव्याची चाहूल घेणे. वायू आणि धूळ ही दृश्य प्रकाशात नव्हे, तर मिलिमीटर लांबीच्या रेडिओ लहरींत स्वतःला प्रकट करतात.

श्रोतेहो, सप्तर्षींपैकी पुलस्त्य हा तारा आपल्या परिचयाचा आहे. त्याच्यापासून सुमारे सव्वा अंशावर, म्हणजे पूर्ण चंद्राची अडीच बिंबे मावतील एवढ्या अंतरावर, एक क्वेसार आहे. साध्या डोळ्यांना तो दिसत नाही. 'जे ११४८+५२५१' असे त्याचे रुक्ष नाव असून त्याचा शोध २००३ साली प्रसिद्ध झाला. त्याचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचे वय सुमारे ८५ कोटी वर्षे होते; आज ते १३.८ अब्ज वर्षे आहे. त्याच वर्षी न्यू मेक्सिकोतील आणि फ्रेंच आल्प्समधील रेडिओ दुर्बिणींनी या क्वेसारच्या दीर्घिकेत कार्बन मोनॉक्साइड वायूचा संकेत टिपला. थंड हायड्रोजनचे रेणू स्वतः जवळजवळ मूक असतात. म्हणून त्यांची गणती या सोबत्यावरून करावी लागते. त्या गणतीप्रमाणे तेथे सूर्याच्या सुमारे २० अब्ज पट रेणुरूप वायू होता. धूळही होती, आणि तिचे वस्तुमान सूर्याच्या २० कोटी पटींहून कमी नसावे. उणे २२० अंश सेल्सिअसच्या आसपास असलेली ही धूळ आपल्या मानाने गोठलेली खरी. पण तिच्या क्षीण उष्णतेचे किरण येथवर येतात.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. विश्वाच्या आरंभी हायड्रोजन, हेलियम आणि लिथियमचा अल्पांश एवढेच द्रव्य होते. कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन, लोह ही धुळीची सामग्री ताऱ्यांच्या पोटात शिजते आणि ते तारे मरताना बाहेर पडते. म्हणजे जेथे धूळ आहे, तेथे ताऱ्यांची एक पिढी तरी जगून संपलेली असली पाहिजे. आपल्या आकाशगंगेत धुळीचा मोठा पुरवठा वृद्ध, फुगलेल्या तांबड्या ताऱ्यांकडून होतो. पण सूर्याएवढ्या ताऱ्यास वार्धक्य येण्यास सुमारे १० अब्ज वर्षे लागतात. जेथे सारा अवधीच ८५ कोटी वर्षांचा, तेथे हा पुरवठादार कसा पुरा पडणार?

जे तारे काही कोटी वर्षांतच आयुष्य संपवून स्फोट पावतात, त्या अतिदीप्त नवताऱ्यांकडे साहजिकच लक्ष गेले. १९८७ साली मोठ्या मॅजेलनी मेघात असा एक स्फोट दिसला होता. २०११ साली हर्शेल या अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून त्याच्या अवशेषांत सूर्याच्या सुमारे निम्म्या वस्तुमानाची धूळ असल्याचे प्रसिद्ध झाले. आता जमाखर्च मांडून पाहता येतो. प्रत्येक स्फोटातून एवढी धूळ शिल्लक राहिली असे धरले, तर २० कोटी सूर्यांइतक्या धुळीसाठी ४० कोटी स्फोट हवेत. म्हणजे विश्वारंभापासून सरासरीने दर दोन वर्षांस एक. आपल्या आकाशगंगेत असे स्फोट शतकात एखाददुसराच होतो. मात्र त्या दीर्घिकेत दरवर्षी सूर्याच्या हजार पटींच्या घरात द्रव्याचे तारे बनत असावेत, असा अंदाज आहे. धूळ तापवण्यात क्वेसारचा वाटा मोठा असेल, तर हा आकडा कमी होईल. शिवाय स्फोटाचा आघात स्वतः निर्मिलेल्या धुळीपैकी बरीच पुन्हा चूर्ण करून टाकतो. म्हणून अनेक संशोधकांचे मत असे की, स्फोटांनी केवळ बीजकण दिले आणि दाट मेघांत त्यांच्यावर पुटे चढून धूळ वाढली. हा मेळ अद्याप निर्विवादपणे बसलेला नाही.

वायूचा दुसरा उपयोग तराजूसारखा होतो. त्याच्या गतीवरून दीर्घिकेच्या अंतर्भागाचे वजन काढता येते. या दीर्घिकेत मध्यापासून सुमारे ८,००० प्रकाशवर्षांच्या आत सूर्याच्या ५० अब्ज पट वस्तुमान असल्याचे अनुमान निघाले, तर कृष्णविवर एकटेच ३ अब्ज पट भरले. म्हणजे प्रमाण सतरास एक. जवळच्या दीर्घिकांच्या मध्यभागाशी हेच प्रमाण दोनशेस एक ते हजारास एक असे आढळते. यावरून येथे तरी कृष्णविवर आधी वाढले आणि दीर्घिका मागाहून भरत गेली असे दिसते.

हे एकच उदाहरण असते, तर अपवाद म्हणून सोडून देता आले असते. परंतु २०१७ साली विश्वाच्या ६९ कोटी वर्षे वयाच्या काळातील एका क्वेसारच्या दीर्घिकेतही कार्बन आणि धूळ सापडली. चिलीतील अटाकामा पठारावर, ५,००० मीटर उंचीवर, ६६ अँटेनांची 'आल्मा' ही वेधशाळा अशा दीर्घिकांची गणना आज करीत आहे. आणि जेम्स वेब दुर्बिणीने दोन दूरस्थ क्वेसारांच्या यजमान दीर्घिकांतील ताऱ्यांचा प्रकाश वेगळा करून दाखविल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले.

या साऱ्या शोधांतून एक गोष्ट निश्चित झाली. पृथ्वीचा खडक आणि मनुष्याचा देह ज्या द्रव्यांचा घडला, ती द्रव्ये विश्वाच्या पहिल्या ८५ कोटी वर्षांतच काही ठिकाणी विपुल प्रमाणात सिद्ध झाली होती. सूर्याचा जन्म तेव्हा ८ अब्ज वर्षे दूर होता.