बस थांबली नाही, तर अर्ज लिहा



मी कॉलेजात असताना आमच्या वस्तीच्या थांब्यावर बस थांबतच नसे. थांबलीच तर पाय टेकायच्या आत ड्रायव्हर गाडी सोडायचा. एकदा त्यात माझी आई पडली. मी भांडले. ड्रायव्हर हसला, प्रवासी गप्प.

त्या रात्री मी अर्ज लिहिला: तारीख, वेळ, बसचा नंबर, दोन साक्षीदारांच्या सह्या. आगारात देऊन पोच घेतली. तिसऱ्या अर्जानंतर बस थांबू लागली.

१९२९ साली चाळीसगावात टांगेवाल्यांनी बाबासाहेबांचा टांगा हाकायला नकार दिला. सवय नसलेल्या माणसाला तो हाकावा लागला. टांग्याला अपघात झाला, बाबासाहेब जखमी झाले. जातीचा अपमान असा जिवावर बेततो. बाबासाहेबांनी ते लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला कळलं.

चालत्या गाडीत ड्रायव्हरशी वाद नको, उतरून लिहा. धोकादायक गाडी चालवणं, चालवताना हातात मोबाइल धरणं हा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८४ खाली गुन्हा आहे. जातीवरून शिवी दिली, तर १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली थेट पोलीस ठाण्यात जा.

आपल्या घरात अर्ज लिहिणारे आपण पहिले. आधी आईसाठी लिहा.